एकच की-बोर्ड सगळ्याला पुरतो का? फोंड्यातल्या एका वादकाच्या खरेदीचं प्रकरण

हे प्रकरण ज्याचं आहे त्याला विचारूनच लिहितोय, पण नाव बदललंय आणि गावही नेमकं सांगत नाही. गोव्यातला फोंडा तालुका एवढं पुरे. त्याला दत्ता म्हणू. आकडे गोल केलेत, किमती त्या वर्षी दुकानात सांगितल्या तशा, आज वेगळ्या असतील.

पार्श्वभूमी

दत्ता चाळिशीतला, नोकरी सरकारी, संध्याकाळी पेटी आणि की-बोर्ड. गावातल्या भजनी मंडळात तो पेटीवर असतो, मंडळ कला अकादमीच्या भजनी स्पर्धेतपण उतरतं. कार्तिकापासून जत्रा-काले, म्हणजे देवळांचे उत्सव, सुरू झाले की देवळासमोरच्या मांडवात मराठी नाटकं होतात त्यात पार्श्वसंगीताला की-बोर्ड घेऊन बसतो. आमच्याकडे हे अजून जोरात चालतं, एका हंगामात चार-पाच गावांची नाटकं अंगावर घेणारे वादक आहेत आणि दत्ता त्यातला एक. मानधन फार नाही पण नियमित.

त्याच्याकडे जुना यामाहा होता, तबला-तानपुरा आत असलेला भारतीय मॉडेलचा, एकसष्ट पट्ट्यांचा. दहाएक वर्षं वापरलेला. आणि मुलगी दहावीत, गाते चांगली, तिचे अभंग आणि नाट्यपदं घरीच रेकॉर्ड करून यूट्यूबवर टाकायची हे घरात कधीपासून चाललेलं. आतापर्यंत मोबाइल टेबलावर ठेवून झालेलं रेकॉर्डिंग, त्यात पंख्याचा आवाज, बाहेर कुत्रा, आणि पेटी मुलीच्या आवाजापेक्षा दुप्पट मोठी.

अडचण कुठे सुरू झाली

मृगाचा पाऊस लागला आणि की-बोर्डच्या काही पट्ट्या वेड्यासारख्या वागायला लागल्या. हळू दाबली तरी एकदम फोर्टिसिमो, म्हणजे पूर्ण जोरात, नाहीतर वाजतच नाही. गोव्यात की-बोर्ड वापरणाऱ्या कुणालाही हे नवीन नाही. टच असलेल्या की-बोर्डमधे प्रत्येक पट्टीखाली रबराचे दोन छोटे संपर्क असतात, पट्टी खाली जाताना एक आधी टेकतो दुसरा नंतर, आणि मधे किती वेळ गेला त्यावरून मशीन ठरवतं की जोरात मारली की हळू. दमट हवेनं, धुळीनं, मुंग्यांनी यातला एक संपर्क खराब झाला की मशीनचा हिशोब चुकतो. म्हणजे की-बोर्ड मेलेला नसतो, फक्त मळलेला असतो. हे दत्ताला माहीत नव्हतं आणि त्यानं ठरवून टाकलं की आता नवीन घ्यायचा, आणि घ्यायचाच तर असा घेऊ की जत्रेलापण चालेल आणि रेकॉर्डिंगलापण.

पतसंस्थेतून ऐंशी हजार मिळणार होते. त्याचा चुलत भाऊ किनाऱ्याकडच्या हॉटेलांत एकटा वाजवतो आणि गातो, त्यानं सांगितलं की अरेंजर घे, यामाहाचा पीएसआर-एसएक्स किंवा कॉर्गचा पीए, बाकी कशाकडे बघू नको. दत्ता माझ्याकडे आला तो जवळजवळ ठरवूनच, फक्त विचारायचं होतं, "मास्तर, जुना एक्स्चेंज करू का बाहेर विकू?"

पर्याय, आणि कोण काय म्हणालं

पहिला पर्याय तोच, अरेंजर. अरेंजर म्हणजे डाव्या हातानं कॉर्ड धरला की ड्रम, बास, गिटार सगळं मागे आपोआप वाजतं. एकट्यानं तीन तास हॉटेलात कार्यक्रम करायचा तर याला तोड नाही आणि भावाचा सल्ला भावाच्या कामासाठी शंभर टक्के बरोबर होता. पण दत्ताच्या भजनात मागे पखवाज-तबला जिवंत माणसं वाजवतात, नाटकात ताल लागला तर तबलजी शेजारीच बसलेला असतो. लाखाच्या घरातल्या मशीनमधला अर्धा पैसा ज्या गोष्टीचा, ती गोष्ट तो वर्षातून एकदा कुणाच्या तरी बारशाला वापरणार. शिवाय वजन. मांडवात मागच्या बाजूनं, माणसांच्या डोक्यावरून की-बोर्ड न्यावा लागतो तेव्हा तीन-चार किलोचा फरक काय असतो ते वाहणाऱ्यालाच कळतं.

दुसरा पर्याय हलका सिंथ, म्हणजे सिंथेसायझर, रोलँड एक्सपीएस-१० त्या जातीचा. आपल्याकडचे ऑर्केस्ट्रावाले आणि भजनवाले असले सिंथ भरपूर वापरतात कारण भारतीय आवाज आत असतात, स्केल ट्यून करता येतं, ट्रान्सपोज, म्हणजे बटणानं सगळे सूर वर-खाली सरकवणं, चटकन होतं. ट्रान्सपोज हे दत्तासाठी चैनीचं नाही, गरजेचं आहे: एक गायक काळी एकवाला, दुसरा पांढरी दोन, आणि नाटकातली बाई काळी चार, दोन पदांच्या मधे पाच सेकंद मिळतात.

तिसरा, नुसता मिडी कंट्रोलर आणि लॅपटॉप. मिडी म्हणजे कुठली पट्टी किती जोरात दाबली एवढाच निरोप, आवाज लॅपटॉप काढतो. सगळ्यात स्वस्त आणि कागदावर सगळ्यात जास्त आवाज. माझा याला घरात विरोध नाही, मांडवात आहे. मांडवातला वीजपुरवठा, धूळ, आणि दुसऱ्या अंकात लॅपटॉपनं अपडेट घ्यायला सुरुवात केली तर काय करणार.

चौथा पर्याय मी मांडला: जुना आधी उघडून साफ करून बघ, नवीन की-बोर्डची घाई नको, पहिले पैसे रेकॉर्डिंगवर घाल. दत्ताला हे अजिबात पटलं नाही, त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला. नवीन वाद्य घ्यायचं मनात भरलं की साफसफाईची गोष्ट कोण ऐकतो.

इथे प्रकरण फिरलं ते त्याच्या बायकोमुळे. ती बचत गटाचे हिशोब सांभाळते. तिनं साधा प्रश्न विचारला, की नाटकं सुरू व्हायला अजून चार-पाच महिने आहेत तर आजच्या आज की-बोर्ड घेऊन तो पावसात कुठे वाजवणार, आणि पोरीचं रेकॉर्डिंग तर आत्ताच पाहिजे ना, पुढे तिची परीक्षा आहे. म्हणजे कामं दोन होती आणि दोघांच्या तारखा वेगळ्या. हे मी तासभर समजावत होतो ते तिनं एका वाक्यात केलं.

काय केलं: पहिला टप्पा, पावसाळा

जुना यामाहा फोंड्यातल्याच एका मेकॅनिककडे दिला. त्यानं रबराच्या पट्ट्या काढून आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसल्या, खालचे काळे कार्बनचे ठिपके पुसले, दोन पट्ट्या बदलल्या. अठराशे रुपये. की-बोर्ड नवा झाला नाही पण सरळ वाजायला लागला, आणि मागे यूएसबी असल्यामुळे लॅपटॉपला मिडी म्हणूनपण जोडता आला.

मग इंटरफेस, म्हणजे माइक आणि वाद्य लॅपटॉपला जोडायचा डबा. इथे जरा थांबतो कारण की-बोर्डवाले नेमके इथेच फसतात. दुकानात पहिली शिफारस नेहमी सगळ्यात छोट्या इंटरफेसची, स्कार्लेट सोलोसारख्या. चांगलीच वस्तू आहे पण ती गिटार वाजवून गाणाऱ्या माणसासाठी केलेली: एक माइक, एक जॅक. की-बोर्ड मात्र स्टिरिओ असतो, डावा आणि उजवा असे दोन सिग्नल, म्हणजे सोलोत तो मोनोच घुसणार. बरं मग दोन इनपुटवाला, २आय२, घेऊ म्हटलं तर की-बोर्डनंच दोन्ही इनपुट खाल्ले, मुलगी गाणार कशात? आधी की-बोर्ड रेकॉर्ड करायचा मग तिनं त्यावर गायचं हे चालतं, सिनेमाची गाणी तशीच होतात, पण अभंग तसा होत नाही. पेटीवाला गायकाच्या श्वासाकडे बघून वाजवतो, आलाप लांबला तर थांबतो. दत्ता आणि मुलगी एकत्रच वाजवणार-गाणार हे पक्कं होतं.

म्हणून चार इनपुटवाला घ्यायचा ठरला, फोकसराइटचा ४आय४. माइकला दोन इनपुट आणि मागे लाइनचे आणखी दोन, त्या मागच्या दोनात की-बोर्ड कायमचा खुपसून ठेवायचा. पाच पिनांचे मिडी जॅकपण आहेत, त्याचा उपयोग पुढे झाला. साडेचोवीस हजार. दत्ता म्हणाला "यात अर्धा की-बोर्ड आला असता", आणि खरंच आला असता.

माइकवर वाद झाला. मुलीला कंडेन्सर पाहिजे होता, यूट्यूबवर सगळ्यांकडे तो सोनेरी जाळीवाला असतो ना. कंडेन्सर बारकावे जास्त पकडतो हे खरंच, पण तो सगळंच पकडतो, आणि यांचं घर चिऱ्याच्या भिंतींचं, वर मंगळुरी कौलं, पुढच्या ओसरीला पत्रा. जुलैत त्या घरात कंडेन्सर लावला तर पावसाचा आणि बेडकांचा आल्बम निघेल. दमट हवेत कंडेन्सरची कॅप्सूल खरखर करते तो त्रास वेगळाच. म्हणून साधा डायनॅमिक, एसएम५८, साडेआठ हजार. १९६६ पासून चालत आलेला माइक आहे, पडला तरी चालतो, आणि पुढे नाटकातपण वापरता येतो. मुलगी दोन दिवस रुसली.

हेडफोन बंद कपाचे, साडेपाच हजार, उघड्या कपाचे घेतले असते तर त्यातला आवाज माइकमधे गेला असता. स्टँड, पॉप फिल्टर, केबली मिळून चार हजार सातशे. हा शेवटचा आकडा कुणीच धरत नाही. की-बोर्ड ते इंटरफेस दोन जॅक केबली, माइकची एक, मिडीसाठी यूएसबीची एक, हेडफोनला एक्स्टेंशन, बघता बघता पाच हजार.

खोली कुठली घ्यायची? हॉल मोठा आणि घुमणारा. शेवटी देवघराच्या बाजूची आतली खोली घेतली जिथे वर माळा असल्यामुळे कौलांचा आवाज कमी येतो, गोदरेजचं कपाट उघडं ठेवून कपडे तसेच लटकत ठेवले, मागे दोरीवर दोन गोधड्या टाकल्या, मुलीची पाठ गोधडीकडे. लोक इंटरनेटवरून फोमचे तुकडे मागवतात, त्या पातळ फोमनं खालचे सूर काही थांबत नाहीत, जाड गोधडी त्यापेक्षा बरी. रेकॉर्डिंग पाऊस उघडला की, पंखा बंद करून, घामाघूम होऊन.

मधेच उपटलेली भानगड

पहिल्याच दिवशी हेडफोनमधे बारीक शिटीसारखा आवाज. की-बोर्डचा व्हॉल्यूम शून्य केला तरी आहे, माऊस हलवला की आवाज बदलतो. दत्ताला वाटलं इंटरफेस खराब निघाला, परत द्यायला निघाला होता. लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवला आणि शिटी गेली. म्हणजे ग्राउंड लूप: की-बोर्ड ऑडिओ केबलींनी इंटरफेसला जोडलेला आणि वर यूएसबीनं लॅपटॉपलापण, असे दोन रस्ते झाले की त्यातून नको तो करंट फिरतो. यूएसबी काढून फक्त ऑडिओ ठेवला तर आवाज शांत. पण मग मिडी? जुन्या की-बोर्डला पाच पिनांचा मिडी नव्हताच, त्यामुळे त्यावर मिडी रेकॉर्ड करताना चार्जर काढून काम भागवलं.

जाताजाता कळलं की घराच्या वायरिंगला अर्थिंग नावालाच आहे. जुन्या घरांत हे सर्रास आहे आणि पावसाळ्यात विजा पडतात तेव्हा हा विनोदाचा विषय राहत नाही. इलेक्ट्रिशियन बोलावून त्या खोलीपुरतं करून घेतलं, आणि गडगडायला लागलं की सगळे प्लग बाहेर हा नियम घरात लागला.

दुसरी भानगड आवाज उशिरा येण्याची. दत्ताला लॅपटॉपमधलं एक सॅम्पल केलेलं पियानो वाजवायचं होतं, पण पट्टी दाबली की आवाज मागाहून येतो. बफर, म्हणजे लॅपटॉप आवाजाचे किती नमुने एका वेळी गोळा करून पुढे देतो तो आकडा, १०२४ वर होता. ४४.१ किलोहर्ट्झला १०२४ म्हणजे तेवीस मिलिसेकंद, वर बाकीची यंत्रणा आपली भर घालते. हवेतून आवाज मिलिसेकंदाला फूटभर जातो, म्हणजे तबलजी पंचवीस फुटांवर बसून साथ करतोय असं समजा. १२८ वर आणला तर तीन मिलिसेकंद, वाजवायला मस्त, पण जुना लॅपटॉप तडतडायला लागला. शेवटी वाजवताना १२८, नंतर मिक्स करताना १०२४. मुलीच्या आवाजाला हा प्रश्नच नव्हता कारण इंटरफेसमधूनच तिला तिचा आवाज थेट ऐकवता येतो.

चतुर्थीत मंडळाच्या पोरांनी घुमट आरती रेकॉर्ड करायचा घाट घातला आणि दत्तानं मला न विचारता केलीपण. घुमट म्हणजे एका तोंडाला चामडं ताणलेलं मातीचं वाद्य. लाल दिवा सतत पेटलेला, सगळं फाटलेलं. घुमटाची थाप किती जोरात उसळते ते डोळ्यांनी कळत नाही, मीटरकडे बघेपर्यंत थाप निघून गेलेली असते. २४ बिटमधे रेकॉर्ड करताना भरपूर जागा मोकळी ठेवली तरी काही बिघडत नाही, सगळ्यात जोरातली थाप उणे दहा डेसिबलच्या खाली राहिली तरी पुरे. आणि माइक चामड्याच्या तोंडाला अगदी चिकटवलेला. घुमटाचं दुसरं उघडं तोंड वादक डाव्या तळव्यानं झाकतो-उघडतो, त्यातूनच तो घुमणारा हेल येतो, तो माइकला मिळालाच नाही. विसर्जनाच्या आदल्या दिवशी माइक चारेक फूट लांब, शामेळ, म्हणजे घुमटासोबतचं दुसरं चर्मवाद्य, त्याच्याही मागे, असं परत केलं. ते बरं झालं.

दुसरा टप्पा, दिवाळीच्या आधी

आता नवीन की-बोर्ड. जुना घरात चालू असल्यामुळे घाई उरली नव्हती, आणि घाई नसलेलं गिऱ्हाईक वेगळ्याच पद्धतीनं वस्तू बघतं. दत्ता दुकानात स्वतःचे हेडफोन घेऊन गेला. दुकानातल्या मोठ्या स्पीकरवर सगळेच की-बोर्ड भारी वाटतात. डेमोचं बटण दाबायचं नाही असं ठरवून गेला होता. नाटकातली तीन पदं वाजवली, मधे ट्रान्सपोज बदलून बघितलं, बटण किती खोल मेनूत आहे ते बघितलं. पिच बेंडनं, म्हणजे सूर सरकवायच्या दांडीनं, मींड काढून बघितली. तार शहनाई आणि स्ट्रिंग्ज एकत्र लावून एकावरून दुसऱ्यावर जाताना आधीचा आवाज तुटतो का ते बघितलं, कारण नाटकात प्रवेश संपताना सूर धरून ठेवावा लागतो.

अरेंजरवरपण वाजवून बघितलं, भाऊ सोबतच होता. आवाज अरेंजरचे जास्त गोड वाटले हे दत्तानं कबूल केलं. तरी घेतला तो रोलँडचा हलका सिंथच, पाच पिनांचा मिडी असलेला, त्रेचाळीस हजार. मिडीच्या इनपुटमधे ऑप्टोकपलर असतो, म्हणजे सिग्नल आत प्रकाशाच्या रूपानं जातो, विजेचा थेट जोड नसतो, त्यामुळे त्या रस्त्यानं ग्राउंड लूप होत नाही. चार्जर काढायची कटकट संपली. आता एकाच वेळी ऑडिओपण रेकॉर्ड होतो आणि मिडीपण, चुकलेला सूर नंतर दुरुस्त करता येतो किंवा वाटलं तर आवाजच बदलता येतो. जीएसटीचं बिल घेतलं, वॉरंटीचं कार्ड शिक्का मारून.

निकाल

एकूण अठ्ठ्याऐंशी हजार. ऐंशीच्या वर गेलेले आठ हजार पहिल्या दोन नाटकांच्या मानधनातून भरून निघाले. त्या हंगामात नवा सिंथ मांडवात आणि जुना यामाहा मागे खोक्यात, जादा म्हणून. एका काल्याला नव्याचा अडॅप्टर कुणाच्या तरी पायाखाली तुटला आणि दुसरा अंक जुन्यावर निघाला. एक्स्चेंजमधे दिला असता तर मिळाले असते फार तर चार-पाच हजार.

मुलीची सात पदं झाली. पहिली दोन ऐकवत नाहीत, आवाज हेडफोनमधे फार मोठा ठेवल्यामुळे ती दबून गायलीय. नंतरची चांगली आहेत, एक तर फारच. ऐकणारे म्हणतात कुठल्या स्टुडिओत केलं.

वेगळं काय करता आलं असतं

अर्थिंग आधी तपासायला हवं होतं, इंटरफेस घरात येण्याच्या आधी. सस्टेन पेडल हिशोबातच नव्हतं, ते जत्रेच्या तोंडावर धावपळीत घेतलं आणि त्याची पोलॅरिटी उलटी निघाली, म्हणजे पाय उचलला की सूर टिकतो आणि दाबला की तुटतो. सिंथच्या मेनूत ते बदलता येत होतं पण ते शोधण्यात एक तालीम गेली. नाटकासाठी लावलेले आवाज पेन ड्राइव्हवर काढून ठेवायची सवयपण उशिरा लागली.

चार इनपुटवर एवढा खर्च करायला नको होता असं भाऊ अजून म्हणतो. सहा हजारांत दोन इनपुटवाला घेऊन, की-बोर्ड मोनोत घेऊन, उरलेल्या पैशात वरचा सिंथ आला असता. पेटीचा आवाज मोनोत काही वाईट लागत नाही, त्यामुळे त्याचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही. दत्ता आणि मुलगी वेगवेगळे रेकॉर्ड करायला तयार असते तर मीपण दोन इनपुटवालाच सांगितला असता.

आता विषय चालू आहे मॉनिटर स्पीकरचा. पाच इंचाची जोडी घ्यायची दत्ताला घाई आहे. मी सांगितलंय की त्या लहान खोलीत बास कोपऱ्यात साठतो, तिथे स्पीकरवर मिक्स केलंस तर गाडीत ऐकताना बास गायब होईल, त्यापेक्षा दहावी झाल्यावर पोरीला कंडेन्सर घे, मे महिन्यात घेतलास तर पावसाच्या आधी महिनाभर तरी वापरता येईल, आणि सिलिका जेल टाकलेला हवाबंद डबा त्याच दिवशी आण. बायकोचं म्हणणं आधी पतसंस्थेचे हप्ते फिटू देत.